शामुवेल मास्तरांची भिंतीबाहेरची जागा

तार दुपारी आली. तारवाला शिपाई माझा जुना विद्यार्थी, पाढ्यांत कायम नापास. त्याने सहीसाठी कागद पुढे केला आणि विचारलं, "नाना, घरचं कुणी?" मी म्हणालो, "नाही." तो जिना उतरला आणि मग मला वाटलं की त्याला परत बोलावून 'हो' म्हणावं. पण एवढ्या तेवढ्यासाठी कोण हाका मारीत बसतो... तारेत दोनच ओळी होत्या. शामुवेल मास्तर धुळ्याला पहाटे गेले, देह उद्या लॉरीने जळगावला आणतो आहोत. याला आता सहा आठवडे झाले. या पुरवणीच्या संपादकांनी परवा निरोप धाडला की तुम्ही मास्तरांचे जुने स्नेही, चार शब्द लिहा. स्नेही! तीस-पस्तीस वर्षं मी त्या माणसाशी भांडलो, आणि त्यातली शेवटची पंधरा वर्षं त्याच्याशी खोटं बोललो. हे चार शब्दांत बसत नाही, तेव्हा जागा जास्त लागेल असं मी संपादकांना कळवून टाकलं आहे.

मास्तर मूळचे चोपड्याकडचे. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यात, गावकुसाबाहेर त्यांचा जन्म. छप्पनच्या, म्हणजे सन १९०० च्या, दुष्काळात घरातली सगळी माणसं गेली आणि हा एकटा पोरगा मिशनच्या बंगल्यावर पोचला. तिथे भाकरी मिळाली, नाव मिळालं, अक्षरं मिळाली. पुढे ते मिशनच्या शाळेत शिकवू लागले आणि बाजाराच्या दिवशी कापडपेठेच्या तोंडाशी उभं राहून उपदेश करू लागले. मी तेव्हा नुकताच जळगावच्या शाळेत लागलो होतो. डोक्यात नवी पुस्तकं, जिभेला धार, आणि खिशात एक कागद. त्या कागदावर बायबलातल्या विसंगती मी क्रमवार लिहून ठेवल्या होत्या. यरीहोच्या वाटेवर येशूने बरे केलेले आंधळे एक की दोन? रिकाम्या कबरेपाशी बायकांना एक देवदूत दिसला की दोन? आणि येशूला दगा देणारा तो यहूदा... एका ठिकाणी लिहिलंय त्याने गळफास घेतला, दुसऱ्या ठिकाणी तो पालथा पडला आणि पोट फुटून मेला. "एक माणूस दोनदा कसा मरतो हो, मास्तर?" मी भर बाजारात ओरडलो. कापडवाले मारवाडी पोट धरून हसले. मास्तर काळेभोर, हडकुळे, डोक्याला पांढरा रुमाल. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तो कागद मला द्याल का? उत्तर घेऊन येतो."

आणि खरंच आले. पुढच्या रविवारी दुपारी, बगलेत एक वही घेऊन. मी त्यांना ओट्यावर बसवलं. आत बोलावलं नाही. पाणी दिलं ते वेगळ्या पितळी पेल्यात, आणि तो पेला त्यांनीच आडावर विसळून पालथा घातला. मी स्वतःला सुधारक म्हणवीत होतो त्या काळातली ही गोष्ट आहे. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही, आणि त्याची जास्त वाटते. वहीत त्यांनी प्रत्येक पानावर तीन रकाने आखले होते. डावीकडे एक वचन, उजवीकडे त्याच्याशी भांडणारं दुसरं, आणि मधल्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलेलं, 'मेळ'. आंधळे दोन होते. एकाविषयी सांगणारा दुसरा नव्हता असं कुठे म्हणतो? यहूदाच्या पानावर मधे लिहिलं होतं की त्याने झाडाला गळफास घेतला, पुढे दोरी तुटली आणि देह खाली पडला. "दोरी तुटली हे कुठं लिहिलंय?" मी विचारलं. "नाही लिहिलं," ते म्हणाले. "मग हे ठिगळ आहे, मास्तर." "ठिगळाने अंग झाकतं ना, नाना?" ...असं आमचं सुरू झालं. दर रविवारी मी एक नवी विसंगती शोधून ठेवायची आणि त्यांनी आठवड्याने मेळ आणायचा. माझी बायको म्हणायची, तुम्ही दोघं खाजवून खरूज काढता. दोन-तीन वर्षांनी ते ओट्यावरून आत आले, तेही तिनेच हात धरून बोलावलं म्हणून.

त्यांचा एक सिद्धांत होता, तो इथे सांगायलाच हवा. एकदा इथल्या एका कापसाच्या जिनात सरकीच्या ढिगाला आग लागली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तिघांना विचारलं आणि तिघांचं सांगणं वहीत लिहून आणलं. आग सकाळी लागली, आग दुपारी लागली; दोन बैल भाजले, एकच भाजला; पाणी आधी हमालांनी टाकलं, छे, बंबच आधी आला. "आता सांगा, नाना, आग लागलीच नाही असं म्हणाल?" मी म्हणालो, माणसं चुकतात, पण तुमचा ग्रंथ चुकत नाही असा तुमचा दावा आहे. त्यावर ते एकदम आपल्या बोलीवर आले. मनातलं बोलायचं झालं की त्यांची पुस्तकी मराठी गळून पडायची. "नाना, दोन मानसं एकच गोट सांगतस आनि अक्षर ना अक्षर जुळस, तं समजी ल्या, एक जन दुसराकडतून शिकी येल शे." खरे साक्षीदार थोडे वेगळे बोलणारच. तंतोतंत जुळली की साक्ष पढवलेली. मला हा मुद्दा तेव्हा पटला होता, पण मी तसं कबूल केलं नाही. मला हरायची सवय नव्हती.

मास्तरांना एकच मुलगा, याकोब. त्यांच्या बायकोचं, मार्थाअक्कांचं, एकुलतं लेकरू. पोरगा हुशार होता आणि बापाच्या मागे त्याने उपदेशक व्हावं असं चर्चच्या सगळ्या मंडळीने धरूनच ठेवलं होतं. रविवारी बापाबरोबर तोही माझ्याकडे यायचा, कोपऱ्यात बसून ऐकायचा. पुढे तो एकटाही येऊ लागला. मी त्याला पुस्तकं दिली, माझा तो जुना कागद दिला, त्यात भर घातली. बापाशी वाद घालताना माझं निम्मं लक्ष पोराच्या चेहऱ्याकडे असे. बापापुढे पालथ्या घड्यावर पाणी. पोरगा मात्र टिपकागदासारखा शोषून घेत होता. मला वाटे, मी एका तरुणाचं डोकं मोकळं करतो आहे. त्या डोक्याखाली घर आहे, आई आहे, जेवणाचं ताट आहे, याचा विचार मी केला नाही. बाविसाव्या वर्षी मंडळीच्या पंचांपुढे उपदेशकाची शपथ घ्यायची वेळ आली तेव्हा याकोब उभा राहिला आणि म्हणाला, "मला हे सगळं खरं आहे असं म्हणता येत नाही." मिशनच्या शाळेतली नोकरी त्याच दिवशी गेली. तो भुसावळला रेल्वेच्या शेडमध्ये लागला. मास्तरांनी त्याला निरोप पाठवला, आणि हा निरोप मला खुद्द मास्तरांनीच नंतर सांगितला: "मनात मेळ लागेपर्यंत घरी येऊ नको." सहा महिने तो आला नाही.

मग एका संध्याकाळी, ऊन अजून होतं, मी मेहरूणच्या तळ्यावर फिरायला गेलो होतो. पलीकडच्या काठावर याकोब दिसला. त्याने चपला काढल्या, काठावर एकमेकींना लावून ठेवल्या, कोट घडी करून त्यांवर ठेवला आणि पाण्यात उतरला. मला वाटलं, पोरगा आंघोळ करतो आहे. भुसावळचा धूर धुऊन मग घरी जाणार असेल, बापलेकांचं मिटलं असेल. मला बरं वाटलं. मी घरी आलो आणि जेवलो.

सकाळी कोळ्यांनी देह वर काढल्याचं कळलं. मी पोलिसांच्या आधी पोचलो. देह दूर दुसऱ्या टोकाला होता, तिथे गर्दी होती. याकोब उतरला होता त्या काठावर कोणी नव्हतं, आणि चपला तशाच होत्या, एकमेकींना लावून, वर घडी केलेला कोट. त्या पाहिल्या आणि मला सगळं समजलं. जीव देणाऱ्याला त्यांच्या मंडळीच्या स्मशानभूमीत जागा नव्हती. पंचांचा नियमच तसा होता: असा माणूस भिंतीबाहेर पुरायचा, प्रार्थनेशिवाय, नावाचा दगडही नाही. मी कोट उचलून झुडपावर टाकला, कोणी अंगातून काढून सहज भिरकावावा तसा. आणि पायाने डावी चप्पल उलटी केली. बस्स, एवढंच. मग तिथे एक परटीण धुण्याचं बोचकं घेऊन आली, उलटी चप्पल पाहिली आणि कपाळावर हात मारून बसली. फौजदाराने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काल मी तठेच व्हतू. पोऱ्या तोंड धोवाले वाकना, डावा पाय सटकना, आनि गया." बाईने काहीही पाहिलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी तळ्यावर आम्हा दोघांखेरीज कोणी नव्हतंच. उलट्या चपलेवरून, त्या आईबापांच्या दयेपोटी तिने ते रचलं. मग फौजदार माझ्याकडे वळला. दुपारी पंच वळले. दोन्ही वेळा मी म्हणालो, "तोंड धुवायला वाकला, डावा पाय घसरला आणि गेला." म्हणजे दोन साक्षी नव्हत्याच. माझंच एक खोटं दोन तोंडांनी बोललं. याकोबला भिंतीच्या आत, मागच्या कोपऱ्यात, प्रार्थना म्हणून पुरलं. मास्तर सरळ उभे होते. मार्थाअक्कांना दोघींनी धरलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात, रविवारी, मास्तर आले. वही नव्हती. चहा घेतला नाही. बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होते. मग म्हणाले, "डावा पाय, नाना? एवढ्या लांबून तुम्हाला डावाच दिसला? आणि त्या बाईलाही डावाच?" मी त्यांचा चहा पुन्हा पुढे सरकवला. ते म्हणाले, "एक शब्द वेगळा नाही तुम्हा दोघांचा. वाकला, घसरला, गेला..." मी त्यांना रागावून म्हणालो, "तुमच्या पोराला जागा मिळाली ना आत? मग कशाला उकरता?" त्यांनी मान हलवली. "तो माझ्या निरोपामुळे गेला का, एवढंच मला कळायला हवं," ते म्हणाले. मी म्हणालो, "जे पाहिलं ते सांगितलं." ते उठून गेले. त्यानंतर त्यांनी बाजारात उभं राहणं सोडलं. आठवडाभर कापडपेठेत कोणाच्या लक्षातही आलं नाही, आणि पुढे ती जागा एका चिवडेवाल्याने घेतली.

एकदा मार्थाअक्का वाटेत भेटल्या. मी काही बोलायच्या आतच त्यांनी हात आडवा केला. "माले काय बी आयकनं नही, नाना. मना पोऱ्या आत शे. माले बठ्ठं मियनं." काय खरं ते त्यांना नको होतं, पोरगा आत आहे, एवढं पुरे होतं. मास्तरांना मात्र ते पुरत नव्हतं. एका घरात, एका चुलीवर हे दोघं पंधरा वर्षं कसे राहिले असतील, देव जाणे. माझा देवावर विश्वास नाही, पण दुसरं कोण जाणणार? पुढे मिशनने त्यांना धुळ्याला नेलं, तिथल्या दवाखान्याच्या आवारात एक खोली दिली. मी वर्षातून एकदा जात असे. ते रोग्यांना पत्रं लिहून देत. निघताना मला फाटकापर्यंत पोचवायचे आणि दर वर्षी तोच प्रश्न विचारायचे. मी दर वर्षी तेच उत्तर द्यायचो. माझ्या स्वतःच्या खोट्याला मी जितका प्रामाणिक राहिलो, तितका आयुष्यात कशालाच राहिलो नाही.

युद्ध संपलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पत्र आलं की मास्तर अंथरुणाला खिळले आहेत. मी गेलो. खोलीत फिनेलचा वास होता. मास्तरांचं फक्त नाक आणि डोळे उरले होते. मार्थाअक्का बाहेर पाणी तापवत होत्या. ते म्हणाले, "नाना, आते तरी सांगा. काय देखं तुम्ही?" आणि मी सांगितलं. चपला सांगितल्या, कोट सांगितला, मी उलटी केलेली चप्पल सांगितली. आणि आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. याकोब छातीभर पाण्यात गेल्यावर वळला होता. त्याने मला पाहिलं. हात वर केला. मला वाटलं, नमस्कार करतो आहे. मीही हात वर केला... आणि घरी गेलो. म्हणजे मी खोटं बोललो ते केवळ दयेने नव्हे. माझा तो हात लपवायचा होता मला.

मास्तरांनी छताकडे बघत विचारलं, "त्यानी हात वर कया?" "हो." "निरोप ल्हेवाले, का बलावाले?" निरोप घेत होता की बोलावत होता? मी म्हणालो, "मास्तर, पंधरा वर्षं मी हेच विचारतो आहे. मला ठरवता येत नाही." त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग ओठ हलले. "मराले गया व्हता, नाना... आनि पानीमा त्याले जगानं वाटनं. दोन्ही खरं शे." मरायला गेला आणि पाण्यात त्याला जगावंसं वाटलं. मी त्यांचे मेळ आयुष्यभर हसण्यावारी नेले. या एकाला मला ठिगळ म्हणवलं नाही. तो खरा असेल तर बापाने त्याला पाण्यापर्यंत पाठवला आणि मी त्याला पाण्यात ठेवला. मला रडू फुटलं. त्यांनी माझ्या मनगटावर बोटं ठेवली, ती फार गरम होती. म्हणाले, "त्यानी जागा बाहेर व्हती, मनी आत. आते मी बाहेर जास." मला नीट कळलं नाही म्हणून त्यांनी पुन्हा सावकाश, शाळेतल्या मराठीत सांगितलं. त्यांना भिंतीबाहेर पुरायचं, याकोबच्या समोर. पंचांसाठी चिठ्ठी लिहून ठेवली होती, कारण लिहिलं नव्हतं. "मी गेल्यावर तुम्ही खरं ते लिहा, नाना. छापून येऊ द्या. कोणी म्हणालं त्या पोराला बाहेर काढा, तर सांगा, बाहेरची जागा भरली." त्यानंतर ते मला दिसले ते लॉरीतच.

पंचांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली. एवढी वर्षं उपदेश केलेला माणूस बाहेर? कोणी म्हणालं म्हातारपणी भ्रम झाला, कोणी म्हणालं ही नम्रता. एकाने मला विचारलं, "नाना, तुम्हाला काही ठाऊक आहे?" मी म्हणालो, "त्यांची इच्छा." जित्याची खोड, दुसरं काय. शेवटी मार्थाअक्काच म्हणाल्या, त्यांनी लिहिलं तसं करा, आणि भिंतीबाहेर, निवडुंगाच्या कडेला खड्डा खणला. प्रार्थना म्हणायची की नाही यावर पंचांत कुजबुज झाली. मग सगळ्यांत तरुण पंच पुढे झाला आणि म्हणून टाकली.

हे लिहिण्याआधी मी अक्कांकडे गेलो. आता त्या जळगावात भाचीकडे राहतात. मी म्हणालो, "अक्का, मास्तरांनी मला काही छापायला सांगितलं आहे. याकोबचं आहे. तुम्ही नको म्हणालात तर छापणार नाही." त्या तांदूळ निवडत होत्या. खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "माले वाचता येत नही. छापा. लोक सांगतीन तवय आयकसू." मग ताट खाली ठेवून त्यांनी मला स्मशानभूमीपर्यंत सोबत यायला सांगितलं, नजर कमी झाल्याने त्या एकट्या जात नाहीत.

आधी आम्ही आत गेलो. त्यांनी याकोबच्या दगडावरची धूळ पदराने पुसली, थोडा वेळ उभ्या राहिल्या. भिंत कमरेएवढी आहे. पलीकडे, हात लांब केला तर जवळजवळ लागेल इतक्या अंतरावर, मास्तरांची माती आहे, अजून ओबडधोबड. मी म्हातारा असलो तरी ती भिंत ओलांडू शकतो. अक्कांना ते शक्य नाही. फाटक आहे ते पार दुसऱ्या बाजूला, रस्त्याकडे. त्या भिंतीवर दोन्ही हात टेकून पलीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "दोन्ही जोडेजोडेच शेतस, नाना... पन माले केवढा फेरा पडस." मी त्यांच्या हातात काठी दिली आणि आम्ही उन्हातून फाटकाकडे चालू लागलो.